कुत्राछाप तबकड्या, चावीचा बाजा आणि परवडणारं यंत्र

इंदूरच्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर तीन वस्तू हमखास निघतात. तांब्याचा बंब, गणपतीच्या मखराचे खांब आणि रेकॉर्डींची पेटी. बंबाचं काय करायचं ते सगळ्यांना कळतं, मोड घेणारा दारात उभाच असतो. मखर कुणीतरी मंडळाला देऊन टाकतं. पेटीपाशी मात्र सगळे थबकतात. फेकवत नाही आणि वाजवायला घरात काही नाही. मग मला फोन येतो, "भाऊ, तुम्ही वीज मंडळात होतात, तुम्हाला यातलं कळतं. स्वस्तातला, पण रेकॉर्डी खराब न करणारा असा कोणता टर्नटेबल घेऊ?" गेल्या सहा महिन्यांत रामबागेतून दोन, मराठी मोहल्ल्यातून एक आणि देवासहून एक, असे चार फोन आले. प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. पण हा प्रश्न आजचा नाही. आमच्या घरात तो तीन पिढ्यांत तीनदा विचारला गेला आहे आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

हिंदुस्थानात तबकडीचा धंदा सुरू झाला तो १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्या नोव्हेंबरात गौहरजानचं गाणं त्याने मेणावर उतरवलं. तबकड्या तेव्हा इथे छापायची सोय नव्हती, मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथून तयार माल परत यायचा. गाणं संपताना गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ते त्यासाठीच, तिकडच्या कारागिराला कळावं की ही कुणाची तबकडी. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. गंमत अशी की तबकडीतला मुख्य माल आपलाच. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्याची लाख. ती जहाजाने विलायतेत जायची आणि त्यावर आपल्याच गवयाचा आवाज बसून दुप्पट-तिप्पट भावाने परत यायची. लाखेत दगडाची बारीक पूड कालवलेली असे. ती का, ते पुढे सांगतो, कारण आजचं यंत्र निवडताना त्याचा थेट संबंध येतो.

आमचे आजोबा, नाना, होळकर दरबारच्या हिशेब खात्यात होते. १९३६ च्या आसपास त्यांनी चावीचा बाजा घेतला. कर्ण्याचा नव्हे. कर्णेवाले बाजे सरदारांच्या वाड्यांत. नानांचा होता पेटीचा, काळ्या कापडाने मढवलेला, झाकण मिटलं की सुटकेससारखा उचलून नेता येणारा. त्या काळचा 'परवडणारा' तो. तरी आजी म्हणायची की त्या पैशांत दोन तोळे आले असते. (आजीचं हे गणित प्रत्येक वस्तूला लागू होतं, त्यामुळे खरी किंमत आम्हाला कधीच कळली नाही.) इंदूरच्या इतर लोकांप्रमाणे आमच्या घरातही त्याला चुडीबाजा म्हणत, आणि तबकड्या कुत्राछाप. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला तो कुत्रा इंग्रजी न येणाऱ्यालाही ओळखता यायचा.

रेकॉर्डी बहुतेक मुंबईहून यायच्या. त्या वेळी मुंबईहून इंदूरला थेट गाडी नव्हती, खांडव्याला मोठी लाइन सोडून छोट्या लाइनच्या गाडीत बसायचं, मग घाट चढून महू, मग इंदूर. लाखेची तबकडी म्हणजे काचच, हातातून सुटली की तुकडे. नाना धोतराच्या घड्यांमध्ये एकेक तबकडी ठेवून ती वळकटी मांडीवर घेऊन बसत. खांडव्याच्या फलाटावर हमालाच्या डोक्यावर त्यांनी ती कधी दिली नाही. तरी बालगंधर्वांच्या एका तबकडीला महूच्या घाटात चीर गेली. ती तबकडी अजून आहे, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' म्हणते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात, बारा इंचीला चार-साडेचार. ज्या पदाला रंगभूमीवर दहा वन्समोअर मिळायचे, ते पद तीन मिनिटांत बसवायचं. आपल्या घरांत नाट्यसंगीताची आणि छोट्या ख्यालाची जी चव रुजली, ती या तीन मिनिटांतून. मला वाटतं, आपल्याकडे माहेरपणाला आलेल्या बायका 'एक पद म्हण गं' म्हटलं की जे म्हणत, त्याची लांबीसुद्धा तबकडीनेच ठरवून दिली होती.

आता पिन. लोखंडी पिनांची टिनाची चपटी डबी असायची. आमच्याकडे त्या डब्यांमध्ये नंतर शिवणाच्या टाचण्या राहिल्या. प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची हा नियम. दगडाची पूड कालवलेली ती इथे उपयोगी पडते. ती पूड सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून रेघेच्या आकाराचं करून टाकते. म्हणजे तबकडी टिकावी म्हणून पिनेने झिजायचं. बाज्याचं डोकं रेघेवर जड बसायचं, जवळजवळ शंभर ग्रॅमच्या घरात, कारण सगळा आवाज त्या पिनेच्या हलण्यातूनच काढायचा, वीज कुठेच नाही. काटकसर म्हणून एकच पिन चार-चार बाजूंना वापरणारी घरं होती. त्यांच्या तबकड्या आज हातात घेतल्या की उजेडात करड्या दिसतात, चकाकी गेलेली असते. त्या आता कोणत्याही यंत्रावर खरखरच देतील. पेटी उघडल्यावर पहिलं हे बघा, पैसे नंतर खर्च करा.

माझी आत्या १९३८ ची. तिला गळा होता. पण १९५०-५२ च्या इंदुरात आमच्यासारख्या घरातल्या मुलीने उस्तादांसमोर जाऊन बसायचं हे नानांना मंजूर नव्हतं. शहरात अमीर खाँ साहेबांचं नाव गाजत होतं, ३५-४० किलोमीटरवर देवासला कुमार गंधर्व १९४८ पासून येऊन राहिले होते, आणि आत्या रामबागेतल्या माजघरात चुडीबाज्यापुढे बसून शिकत होती. दुपारी पुरुष कचेरीत गेले की बाजा बाहेर. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या तिच्या जास्त आवडीच्या. तान कळली नाही की पिन उचलून पुन्हा मागे. अशा तिच्या वह्या आहेत, तीन, शाईने लिहिलेल्या, स्वरलिपी भातखंड्यांच्या पद्धतीची पण खुणा काही तिच्या स्वतःच्या. हिराबाईंनी हिला कधी पाहिलं नाही, पण आत्या आजही "आमच्या हिराबाई" म्हणते. आपल्या कितीतरी घरांत अशा बायका असतील ज्यांचा गुरू म्हणजे काळी तबकडी. त्यांची नावं कुठल्याही घराण्याच्या वंशावळीत नाहीत.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणला आणि पुढच्याच वर्षी आर.सी.ए.ने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. लाखेऐवजी विनाइल, रेघा बारीक, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. तिकडे ७८ झपाट्याने मागे पडली. आपल्याकडे नाही. आपल्याकडे ७८ साठीच्या दशकातही छापल्या जात होत्या, इतकं की बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. तबकड्या जमवणारे परदेशी लोक आज त्या वेड्यासारख्या शोधतात. कारण साधं आहे आणि ते माझ्या खात्याचं आहे: गावांत वीज नव्हती. चावीच्या बाज्याला वीज लागत नाही, आणि चावीच्या बाज्यावर विनाइल वाजवता येत नाही. शंभर ग्रॅमची लोखंडी पिन विनाइलवर ठेवली तर एका फेरीत रेघ नांगरून निघते. हे आजही लक्षात ठेवा. माळ्यावर चावीचा बाजा निघाला की नातवंडं हौसेने त्यावर एल.पी. लावतात. लावू देऊ नका.

आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ मध्ये एच.एम.व्ही.चा फिएस्टा घेतला. त्या काळचं मध्यमवर्गाचं यंत्र तेच. दादा मिलमध्ये टाइमकीपर. महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे गेले, ते त्यांनी बोनसच्या वेळी भरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमीर खाँ साहेब कलकत्त्यात मोटार अपघातात गेले होते. इंदूरच्या माणसाला तो घरातलाच धक्का. दादांनी फिएस्टा आणला तो खाँ साहेबांची एल.पी. ऐकायला, एका बाजूला मारवा, दुसरीला दरबारी. ज्यांनी खाँ साहेबांना समोर बसून ऐकलं ते म्हणत, तबकडीत वीस मिनिटांत मारवा म्हणजे अंगणात उभं राहून वाडा बघणं. पण आम्ही तोच वाडा बघितला.

फिएस्टामध्ये एक गोष्ट हुशारीची होती. आमच्या यंत्राच्या डोक्यापाशी चिमुकला खटका होता, तो फिरवला की सुई पालटायची. एका बाजूला एल.पी.ची बारीक, दुसऱ्या बाजूला ७८ ची जाड. का? कारण रेघाच वेगळ्या. ७८ ची रेघ रुंद, तिला जवळपास ०.०७६ मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एल.पी.ला ०.०१८. बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घातल्यासारखं. एल.पी.ची सुई ७८ वर ठेवली की ती तळाशी जाऊन बसते, आणि तळाला काय असतं? शंभर वर्षांची धूळ आणि झिजलेल्या पिनांचा चुरा. गाणं असतं वरच्या भिंतींवर. मग लोक म्हणतात, "रेकॉर्ड खराब आहे." रेकॉर्ड खराब नसते हो, सुई चुकीची असते.

गणपतीत फिएस्टा अंगणात यायचा. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या निघत तेव्हा रस्त्यावर लाऊडस्पीकरवाल्याच्या रेकॉर्डी आणि घरात आमच्या. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि दहा-बारा वर्षांत सगळं आवरलं. सुया मिळेनाशा झाल्या. फिएस्टावर कव्हर घातलं गेलं आणि कव्हरवर इस्त्रीचे कपडे.

आता मूळ प्रश्न. रामबागेतलं घर यंदा विकायचं ठरलं. आम्ही तिघं भाऊ-बहिणी आणि आत्या असे चार वाटे. सामान वाटताना पेटी निघाली: मोजून १३८ लाखेच्या, ५२ एल.पी., थोड्या छोट्या ई.पी. धाकटा भाऊ म्हणाला, देऊन टाकू कुणाला तरी, ऐकायचंय ते सगळं मोबाइलवर आहे. एका परीने त्याचं बरोबर आहे. पण सगळं मोबाइलवर नाही. पेटीतल्या कितीतरी तबकड्या परत कधी निघाल्याच नाहीत, आणि ज्या निघाल्या त्या साफ करताना गवयाच्या आवाजातला श्वासच पुसून टाकलेला असतो. आत्या एवढंच म्हणाली, "देण्याआधी मला एकदा ऐकव रे. मग काय करायचं ते करा." ती ८७ वर्षांची आहे. म्हणून यंत्राचा शोध सुरू झाला, आणि घाईने.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तो सुटकेसवाल्या प्लेयरचा. दिसायला गोड, सहा-आठ हजारांत येतो, स्पीकर आतच, तिन्ही वेग. माझ्या चुलतभावाने घेतला होता, नाव नको घ्यायला. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा दाब पाच-सहा ग्रॅम, कमीजास्त करायची सोय नाही, आणि तिन्ही वेगांना सुई एकच, एल.पी.ची. स्पीकर त्याच खोक्यात असल्यामुळे जरा आवाज वाढवला की सुई थरथरते आणि उडी मारते. एका ऐकण्यात तुमच्या एल.पी.चा सत्यानाश होतो असं मी म्हणणार नाही. इंटरनेटवर तसं ओरडणारे आहेत, ते अति करतात. पण वडिलांच्या मारव्यावर रोज पाच ग्रॅम ठेवायला माझा हात झाला नाही.

दुसरा सल्ला न्यू जर्सीच्या भाच्याचा. "मामा, इथे सत्तरच्या दशकातले मस्त टर्नटेबल जुन्या बाजारात मिळतात, पाठवतो." इथे माझी तीस वर्षांची नोकरी कामाला आली. त्याने फोटो पाठवला तो बेल्टचा, सिंक्रोनस मोटरचा. ११० व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मरने भागतं, पण फ्रिक्वेन्सीचं नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. अशी मोटर फिरते ती फ्रिक्वेन्सीच्या हिशेबाने, म्हणजे इथे पाच-षष्ठांश वेगाने. ३३ च्या जागी पावणेअठ्ठावीस. गाणाऱ्यांसाठी सांगतो: ६ ला ५ हे प्रमाण म्हणजे नेमका कोमल गंधार. तेव्हा ती तबकडी इथे लावली की गवयाचा सा खालच्या शुद्ध धैवतावर जाऊन बसेल, आणि बाई बुवा वाटतील. पुली बदलून हे सुधारतं, पण ती पुली इंदुरात कोण करून देणार? भाच्याला म्हटलं, प्रेम पोचलं, यंत्र नको. (अडॅप्टरवर चालणाऱ्या डी.सी. मोटरच्या नव्या यंत्रांना ही अडचण नाही.)

तिसरा मार्ग फिएस्टाच दुरुस्त करायचा. जेल रोडला एकाला दाखवला. तो म्हणाला, "भिया, मोटर तो बढ़िया है, पर रबड़ का चक्का पत्थर हो गया, और सुई अपन कहाँ से लाएँ?" त्याने खरं सांगितलं. जुन्या यंत्रांमध्ये रबर मरतं आणि सुई मिळत नाही, या दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय 'विंटेज' म्हणून चमकवलेलं काही घेऊ नका, मग ते फिलिप्स असो की गॅरार्ड. ओळखीचा खात्रीचा कारागीर असेल तर मात्र जुनं गॅरार्ड कोणत्याही नव्या स्वस्त यंत्राला खाली बसवील.

राहिली नवी यंत्रं. ज्यांच्या पेटीत फक्त एल.पी. आणि ई.पी. आहेत त्यांनी फार डोकं शिणवू नये. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स किंवा त्याच जातीचा सोनीचा पीएस-एलएक्स३१०बीटी, वीस हजारांच्या आगेमागे. बटण दाबलं की दांडी आपोआप जाते, संपलं की परत येते. थरथरत्या हाताच्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दाब कंपनीनेच ठरवून दिलेला, तीनेक ग्रॅम. सुई हिऱ्याची, काही शे तास चालते, आणि बदलायची वेळ आली की नवी मिळते. फोनो प्रीअँप आतच आहे. हा शब्द ऐकून घाबरू नका. तबकडी कापताना खर्ज दाबून आणि तार उचलून कापतात, नाही तर रेघा एकमेकींत घुसतील. वाजवताना ते उलट करून सरळ करावं लागतं, शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज अगदी क्षीण असतो, मिलिव्होल्टमध्ये. हे दोन्ही काम प्रीअँप करतो. घरात जुना अँप्लिफायर असेल आणि मागे 'फोनो' लिहिलेलं असेल तर आतला प्रीअँप बंद ठेवा, दोन-दोन लावले की आवाज फाटतो. स्पीकर मात्र वेगळे घ्यावे लागतात, हा खर्च दुकानदार शेवटी सांगतो.

पण या दोन्ही यंत्रांवर ७८ नाही. आणि आपल्या घरांतल्या पेट्यांमध्ये निम्म्याहून अधिक माल ७८ चा. तेव्हा विचारताना पहिला प्रश्न 'कोणती कंपनी' हा नको, '७८ आहे का, आणि ७८ ची वेगळी सुई बसते का' हा हवा. मी शेवटी एटी-एलपी१२०एक्स घेतला. किंमत दुपटीच्या वर जाते, स्वस्त म्हणता येणार नाही, तीन घरांत वाटून घेतला तेव्हा परवडला. त्याच्या कार्ट्रिजला ७८ ची जाड सुई वेगळी मिळते, ती ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची, झालं. दादांच्या फिएस्टाचा खटकाच तो, फक्त आता त्याचे वेगळे पैसे.

आणि त्यात वेग कमीजास्त करायची पट्टी आहे. ती मला वीज मंडळाच्या सवयीने आवडली होती, पण तिचा खरा उपयोग आत्याने दाखवला.

हिराबाईंची तबकडी लावली. जाड सुई, स्वच्छ पुसलेली रेघ, ७८ चा नेमका वेग. आवाज असा आला की आमची धाकटी सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. आत्याने डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "हे काय लावून राहिलायस? ही ती नाही." म्हटलं, आत्या, तीच आहे, लेबल बघ. "लेबल खड्ड्यात गेलं. ही घाईत आहे. आमच्या हिराबाईंना घाई नव्हती." भावाने माझ्याकडे बघून खूण केली, वय झालं आता. मला ते पटेना. तिची वही काढली, तिने जी पट्टी लिहून ठेवली होती ती पेटीवर धरून पाहिली. तबकडीच्या पट्टीपेक्षा जवळजवळ दोन सुरांनी खाली, काळी पाचची काळी चार व्हावी तितकी. मग माळ्यावरून नानांचा चुडीबाजा उतरवला. त्याचा वेगाचा काटा गंजून बसला होता, पार 'स्लो'च्या टोकाला. आत्याला विचारलं. ती लाजली की हसली, सांगता येत नाही. तान उतरवून घेता यावी म्हणून दुपारी तीच काटा मागे ओढायची. नानांना फरक कळायचा नाही, म्हणून पुढे पुढे तो तिथेच राहिला. चार वर्षं ती हिराबाईंना साधारण सत्तर फेऱ्यांवर ऐकत होती, आणि गाणं तिच्या गळ्यात बसलं ते त्याच पट्टीत.

तसं ७८ हा आकडाही फार पवित्र नाही. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही वेगाने कापलेल्या असत. १९२५ मध्ये विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं त्या सुमाराला ७८ पक्की होत गेली, आणि तीही ६० हर्ट्झच्या देशात ७८.२६ तर ५० वाल्यांकडे ७७.९२. तेव्हा जुना गवई 'चिपळ्यासारखा' वाटला तर वेग पडताळून बघा. घरात हार्मोनियम असेल तर पट्टी पेटीच्या कुठल्यातरी सुराशी जुळते का ते पाहा, आणि बाईचा आवाज बाईसारखा, तबल्याचा तबल्यासारखा येतो का ते ऐका.

पट्टी मी उणे अकराच्या आसपास ओढली. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या ओळीला तिने मांडीवर हात ठेवून मात्रा धरली आणि तिसरीला स्वतः सूर लावला. आवाज आता उरलेला नाही, पण जागा एकही चुकली नाही. धाकट्या भावाने नंतर 'देऊन टाकू' म्हटलेलं नाही.

मे महिन्याआधी तीन गोष्टी करून घ्या, इंदूरचा उन्हाळा थांबणार नाही. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडीच पुसली जाईल. साध्या गार पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लेबल ओलं होऊ न देता, आणि लगेच कोरडी. दुसरं, थप्पी लावून आडव्या ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, माळ्यावर पत्र्याखाली तर मुळीच नाही, एल.पी. पापडासारख्या वाकतात. तिसरं, टाकून द्यायच्या आधी विचारा. इंदूरजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. भंगाराच्या काट्यावर पडण्यापेक्षा तिथे चौकशी केलेली बरी. आमच्याकडे ज्या दुहेरी निघाल्या त्यांचं तसंच करायचं ठरलं आहे. बाकी १३८ पैकी १२१ आत्याच्या खोलीत, एल.पी. माझ्याकडे.

जाता जाता एक. ज्यांना वाटतं की सुईविना तबकडी जपण्यात अर्थ आहे, त्यांच्यासाठी. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात आपल्या गोव्याच्या, केरीच्या केसरबाई केरकरांचा भैरवीचा आवाज आहे. नासाने सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली आहे, आणि किती वेगाने फिरवायची त्याच्या खुणा वर कोरल्या आहेत. त्यांनी परग्रहावरच्यांसाठी केलं ते आपण नातवंडांसाठी करायला हरकत नाही. पेटीत जाड सुईचं एक जास्तीचं पाकीट टाकून ठेवा आणि चिठ्ठीवर वेग लिहा.

एक विनंती. दादांच्या मारवा-दरबारीच्या कव्हरमध्ये एल.पी. नाही. १९८० च्या सुमाराला कुणीतरी ऐकायला नेली, कव्हर राहिलं. रामबाग, नारायण बाग, जेल रोड, देवास, उज्जैन, कुणाच्याही घरी खाँ साहेबांची बिनकव्हरची तबकडी असेल आणि लेबलच्या कोपऱ्यात निळ्या शाईने इंग्रजी 'व्ही' असेल, तर ती आमची आहे. रागावणार नाही. रविवारी सकाळी घेऊन या, पोहे-जिलबी खाऊ, दोन्ही बाजू ऐकू. आत्याला मारवा संध्याकाळशिवाय लावलेला चालत नाही, तेव्हा जेवायलाही थांबावं लागेल.